पुनरुक्त आणि अनुवाद : ॲप स्टोअरच्या ‘स्पॅम’ नियमाचे परीक्षण

१

कोणत्याही नियमावलीचा विचार दोन दृष्टींनी करता येतो. ती काय करावयास सांगते, हा व्यवहाराचा प्रश्न होय. ती जे सांगते ते कोणत्या शब्दांत सांगते, आणि त्या शब्दांत ते सांगता येते की नाही, हा भाषेच्या अभ्यासकाचा प्रश्न होय. पहिल्या प्रश्नाची चर्चा ॲप तयार करणाऱ्यांच्या वर्तुळात पुष्कळ होते. दुसऱ्याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही.

मोबाइल फोनसाठी तयार केलेले ॲप वापरणाऱ्याच्या हाती पडण्यापूर्वी एका परीक्षेतून जाते. ॲपल कंपनीचे ॲप स्टोअर आणि गूगलचे प्ले स्टोअर ही या व्यवहारातील दोन प्रमुख दुकाने. दोन्हींच्या नियमावल्यांत असे एक कलम आहे की, ज्याच्या आधारे नवे ॲप नाकारता येते ते त्यात बिघाड आहे म्हणून नव्हे, तर ते दुसऱ्या एखाद्या ॲपसारखेच आहे म्हणून. ॲपलच्या नियमावलीत हे कलम ४.३ या क्रमांकाखाली येते व ‘स्पॅम’ हा एकच शब्द त्याचे शीर्षक आहे. गूगलच्या धोरणात पुनरावृत्त मजकुराविषयीचे असेच कलम आहे. दुकानात असलेल्या ॲपचाच अनुभव पुन्हा देणारे ॲप स्वीकारले जाणार नाही, असे ते सांगते.

नाकारल्या गेलेल्या निर्मात्याला हे कलम अन्यायाचे वाटते. दुकान चालविणाऱ्याला ते स्वच्छतेचे साधन वाटते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच केवळ बाजू घेऊन हा वाद मिटणारा नाही. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न असा : एक वस्तू दुसरीची पुनरुक्ती आहे असे म्हणण्यासाठी नेमके काय दाखवावे लागते? हा प्रश्न भारतीय शास्त्रपरंपरेला नवा नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या आह्निकात वादातील पराभवाची बावीस स्थाने, म्हणजे निग्रहस्थाने, सांगितली आहेत; त्यांपैकी ‘पुनरुक्त’ हे एक. शब्दाची किंवा अर्थाची पुनरावृत्ती हा वादात दोष मानला जातो, मात्र त्याला एक अपवाद आहे : ते पुन्हा सांगणे ‘अनुवाद’ असेल तर तो दोष नव्हे. येथे अनुवाद म्हणजे आजच्या मराठीतील भाषांतर नव्हे, तर काही प्रयोजनाने केलेले पुनःकथन. हा भेद हाती धरून कलम ४.३ ची तपासणी केली असता त्याचे बळ आणि त्याची उणीव ही दोन्ही स्पष्ट होतात.

२

प्रथम कलमाची पार्श्वभूमी पाहिली पाहिजे. ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी सुरू झाले, तेव्हा तेथे ५०० ॲप होती. सप्टेंबर २०१० मध्ये परीक्षणाचे नियम प्रथमच प्रसिद्ध करण्यात आले, तोवर ती संख्या अडीच लाखांच्या वर गेली होती. त्या पहिल्या पाठाची भाषा लक्षणीय आहे. अपानवायूचे आवाज काढणारी आणखी ॲप आता नकोत, असे त्यात सरळ सांगितलेले आहे. मर्यादा कोठे ओलांडली जाते हे कसे ओळखावे, या प्रश्नाला उत्तर म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींच्या प्रसिद्ध उद्गाराचा आधार घेतलेला आहे. न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट यांनी १९६४ मध्ये अश्लीलतेविषयीच्या एका खटल्यात, अश्लीलतेची व्याख्या करण्याऐवजी ती पाहताच आपल्याला ओळखू येते, असे म्हटले होते.

न्यायमूर्तींचा हा उद्गार व्याख्येच्या अशक्यतेची कबुली होता. नियमावलीत येताच त्याचे कार्य बदलते. तेथे तो परीक्षकाच्या अधिकाराची सनद बनतो. शब्द तेच, परंतु बोलणारा बदलला व त्याबरोबर अर्थही बदलला. ज्या नियमावलीला पुढे पुनरुक्तीचा दोष ठरवावयाचा होता, तिच्याच प्रास्ताविकात शब्दांच्या पुनरावृत्तीने अर्थाची पुनरावृत्ती होत नाही याचे उदाहरण सापडावे, हे मौजेचे आहे.

जून २०१६ मध्ये ही नियमावली नव्याने लिहिण्यात आली व सुरक्षितता, कार्यक्षमता, व्यवसाय, रचना आणि कायदा अशा पाच भागांत तिची विभागणी झाली. स्पॅमचे कलम यांपैकी चौथ्या, म्हणजे रचनेच्या भागात पडले. त्याचे सध्या दोन पोटभाग आहेत. पहिला सांगतो की, एकच ॲप वेगवेगळ्या ओळखक्रमांकांनी अनेक वार दाखल करू नये. निरनिराळी गावे, क्रीडासंघ किंवा विद्यापीठे यांच्यासाठी निरनिराळ्या आवृत्त्या असतील तर एकच ॲप करून हे भेद त्याच्या पोटात ठेवावेत. दुसरा सांगतो की, ज्या प्रकारची ॲप दुकानात आधीच उदंड झाली आहेत त्यांत आणखी भर घालू नये.

हे दोन दोष एकाच शीर्षकाखाली आले असले तरी ते एका जातीचे नाहीत. पहिल्यात एकच निर्माता स्वतःचेच म्हणणे पुन्हा सांगतो. दुसऱ्यात अनेक निर्माते, एकमेकांशी काही संबंध नसता, एकाच विषयावर बोलतात. पहिला पुनरुक्तीचा प्रश्न आहे, तर दुसरा गर्दीचा. शिवाय दुसऱ्याचे नाव व वेश घेऊन येणाऱ्या नकलेसाठी ४.१ हे स्वतंत्र कलम आहे. म्हणजे नियमकर्त्यांना भेद करता येत नाही असे नाही. स्पॅमच्या बाबतीत तो केला गेलेला नाही.

३

याचे एक कारण ‘स्पॅम’ या शब्दाच्या इतिहासात आहे. १९३७ मध्ये हॉर्मेल या अमेरिकन कंपनीने डबाबंद मांसाचा एक पदार्थ या नावाने बाजारात आणला. १९७० मध्ये माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीच्या एका दूरचित्रवाणी प्रवेशात असे उपाहारगृह दाखविले गेले की, जेथील जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम आहे आणि हाच शब्द घोषासारखा पुन्हा पुन्हा उच्चारला गेल्यामुळे बाकीचे संभाषण ऐकूच येत नाही. संगणकाच्या जाळ्यावर एकच मजकूर शेकडो ठिकाणी टाकणाऱ्यांच्या कृत्याला हा शब्द लागला तो या प्रवेशावरून.

या प्रवासात शब्दाला दोन अर्थघटक चिकटले. एक पुनरावृत्तीचा, दुसरा नकोसेपणाचा. पहिला वस्तुगत आहे. दोन मजकूर सारखे आहेत की नाहीत हे मोजता येते. दुसरा ऐकणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून आहे. मूळ प्रवेशात हे दोन्ही घटक एकत्र असल्याने त्यांच्यातील फरक जाणवत नाही. परंतु नियमात हाच शब्द संज्ञा म्हणून वापरला की एका घटकाचा पुरावा दुसऱ्याच्या सिद्धीसाठी चालवून घेतला जातो. सारखेपणा दाखविला की नकोसेपणा आपोआप सिद्ध झाला असे धरले जाते. उलट, नकोशा वाटणाऱ्या ॲपसाठी सारखेपणाचा पुरावा शोधण्याची गरज उरत नाही.

कंपनीने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांतही हीच सरमिसळ आहे. २०२३ या वर्षी स्पॅम, नक्कल किंवा दिशाभूल या कारणांसाठी २,४८,००० हून अधिक अर्ज फेटाळल्याचे ॲपलने जाहीर केले. हा आकडा मोठा आहे. पण त्यात स्वतःचेच ॲप पुन्हा दाखल करणारे किती, दुसऱ्याचे नाव चोरणारे किती आणि केवळ गर्दीच्या विषयावर काम करणारे किती, हे त्यावरून कळत नाही. तीन निरनिराळे दोष एका बेरजेत आले आहेत.

४

आता नकाराच्या पत्राकडे वळावे. या कलमाखाली निर्मात्याला येणारा संदेश बहुधा एका ठरावीक साच्याचा असतो. त्याचा आशय असा की, सदर ॲपची बायनरी, माहिती आणि/किंवा कल्पना ही दुकानात दाखल झालेल्या इतर ॲपसारखी असून त्यांच्यात किरकोळच फरक आहेत.

या एका वाक्यात सारखेपणाच्या तीन पातळ्या आहेत. बायनरी म्हणजे यंत्राला वाचता येणारा ॲपचा सिद्ध पाठ. माहिती म्हणजे नाव, वर्णन, चित्रे इत्यादी. ज्यांवरून दुकानात ॲप ओळखले जाते. कल्पना म्हणजे ॲपचे कार्य. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर पहिली पातळी शब्दपुनरुक्ताची आणि तिसरी अर्थपुनरुक्ताची होय, दुसरी नामाची. तिन्ही पातळ्यांवरील आरोप वेगळे, त्यांचे पुरावे वेगळे आणि त्यांची उत्तरेही वेगळी. बायनरी सारखी असेल तर विकत घेतलेला तयार सांगाडा वापरला असल्याचा संभव असतो व त्यावर उपाय म्हणजे ॲपची नवी बांधणी. नाव-वर्णन सारखे असेल तर ते बदलून भागते. कल्पनाच सारखी असेल तर मात्र प्रयोजनातील फरक युक्तिवादाने मांडावा लागतो. ‘आणि/किंवा’ या जोडशब्दाने तिन्ही आरोप एकदम केले जातात आणि त्यांपैकी एकही निश्चितपणे केला जात नाही.

याहून महत्त्वाची उणीव दुसरीच आहे. ज्या ॲपची पुनरुक्ती झाली ते ॲप कोणते, हे या साच्यात सांगितलेले नसते. पुनरुक्ती ही एकट्या वस्तूच्या ठिकाणी राहणारी गोष्ट नव्हे. तो दोन वस्तूंमधील संबंध आहे. ‘हा मुलगा उंच आहे’ हे वाक्य एकट्याविषयी बोलता येते. ‘हा मुलगा सारखा आहे’ हे वाक्य कोणासारखा ते सांगितल्यावाचून पुरे होत नाही. व्याकरणदृष्ट्या ज्याला येथे आकांक्षा म्हणतात ती अपुरी राहते. संबंधाचे एक टोक दडवून ठेवलेला आरोप खोटा असतो असे नाही, परंतु तो खोडून काढता येत नाही. निर्मात्याला उत्तर पाठविण्याची व वरच्या मंडळाकडे दाद मागण्याची सोय आहे. तथापि कशापासून वेगळेपण दाखवावयाचे तेच ठाऊक नसल्याने त्याचे उत्तर अंदाजाने दिलेले असते.

५

बोलणारा कोण, या प्रश्नाने या नियमाची सर्वांत कठीण परीक्षा घेतली ती २०१७ मध्ये. त्या वर्षी जूनमध्ये ४.२.६ हे कलम आले. विक्रीसाठी ठेवलेल्या साच्यावरून किंवा ॲप तयार करून देणाऱ्या सेवेतून निघालेली ॲप नाकारली जातील, असे त्यात म्हटले होते. हेतू समजण्यासारखा होता. एका साच्यातून निघालेल्या शेकडो निर्जीव प्रतींनी दुकान भरू नये. परंतु अशा सेवांचे ग्राहक म्हणजे लहान उपाहारगृहे, प्रार्थनास्थळे, सेवाभावी संस्था. स्वतःचा तंत्रज्ञ ठेवणे त्यांना परवडणारे नव्हते. अमेरिकन काँग्रेसचे सदस्य टेड ल्यू यांनी ॲपलला पत्र लिहून या नियमाच्या व्याप्तीविषयी चिंता व्यक्त केली. डिसेंबर २०१७ मध्ये कलमाचे शब्द बदलले. साच्यावरून तयार झालेले ॲप, ते ज्याच्या मजकुराचे आहे त्याने स्वतः दाखल केले तर चालेल, असा अपवाद त्यात आला. सेवा पुरविणाऱ्यास आणखी एक मार्ग सुचविण्यात आला : सर्व ग्राहकांचा मजकूर एकाच ॲपमध्ये एकत्र करून वापरणाऱ्याला त्यातून निवड करू द्यावी.

या दुरुस्तीचे तात्त्विक महत्त्व मोठे आहे. ‘आमचे दुकान आज उघडे आहे’ हे वाक्य दहा दुकानदारांनी उच्चारले तर शब्द एकच असतात, पण विधाने दहा होतात. कारण ‘आमचे’ या सर्वनामाचा निर्देश प्रत्येक वेळी बदलतो. हे भाषाशास्त्रातील प्राथमिक सत्य. २०१७ च्या जूनमधील पाठाने ते नाकारले होते. डिसेंबरमधील पाठाने ते मान्य केले. सारख्या सांगाड्याची दोन ॲप वेगळी असू शकतात, जर त्यांचे वक्ते वेगळे असतील, हा सिद्धान्त नियमात शिरला. अलंकारशास्त्रात ज्याला पुनरुक्तवदाभास म्हणतात, म्हणजे जेथे पुनरुक्ती वाटते परंतु नसते, त्याची ही व्यावहारिक मान्यता म्हणता येईल.

ही मान्यता फुकट मात्र मिळत नाही. स्वतःच्या नावाने ॲप दाखल करावयाचे तर संस्थेला स्वतःचे खाते लागते व त्याची वार्षिक वर्गणी ९९ डॉलर आहे. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील ना-नफा, शैक्षणिक व शासकीय संस्थांना ही वर्गणी माफ करण्याची घोषणा झाली, त्यामागे हीच अडचण दिसते. जो सवलतीत बसत नाही त्याला वेगळा वक्ता म्हणून ओळखले जाण्यासाठी मोल द्यावे लागते.

६

मराठीच्या अभ्यासकाला या वादाशी काय कर्तव्य, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर भाषेच्याच स्वभावात आहे. मराठीत द्विरुक्ती हा दोष नसून अर्थ घडविण्याचे साधन आहे. ‘घर’ आणि ‘घरोघर’ यांत शब्द एकच दोनदा आला आहे. पण ‘घरोघर’ म्हटले की एकेक निराळे घर डोळ्यांपुढे येते. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अनुवादाचे समर्थन करताना त्वरेने जाण्याच्या पुनरुच्चारित आज्ञेचा दाखला येतो, तोही याच जातीचा. दुसऱ्यांदा उच्चारलेला शब्द त्वरेचा अर्थ वाढवितो. कलम ४.३ च्या पहिल्या पोटभागाला ‘घरोघर’ हा शब्द ‘घर घर’ असा दिसतो. गावोगावच्या आवृत्त्या एका पोटात घाला, हा त्याचा सल्ला पुष्कळदा रास्त असतो. परंतु ज्या गावाला आपले ॲप आपल्या नावाने सापडावे असे वाटते, त्याचे म्हणणे त्या सल्ल्यात बसत नाही.

भाषांतराच्या बाबतीत हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. जॉश वॉर्डल यांनी केलेला ‘वर्डल’ हा पाच अक्षरी शब्द ओळखण्याचा खेळ जानेवारी २०२२ मध्ये अतिशय लोकप्रिय झाला. तो केवळ संकेतस्थळावर होता. ॲप स्टोअरवर मात्र त्याच नावाच्या, त्याच रूपाच्या नकला आल्या व टीका झाल्यावर त्या काढून टाकण्यात आल्या. हा निर्णय योग्यच होता. परंतु हाच खेळ कोणी मराठीत आणू लागला तर त्याला पहिल्याच पायरीवर ठरवावे लागते की, अक्षर म्हणजे काय? ‘नमस्कार’ या शब्दात लिहिताना चार अक्षरे दिसतात; संगणकाच्या युनिकोड संकेतांत तोच शब्द सात चिन्हांचा होतो. स्वरचिन्हे वेगळी मोजावीत की व्यंजनाबरोबर, जोडाक्षर एक धरावे की दोन, खेळणाऱ्याला मात्रा चुकली हे कसे दाखवावे, या प्रश्नांची उत्तरे मूळ इंग्रजी खेळात नाहीत. ती मराठीच्या लिपिव्यवस्थेचा विचार करूनच द्यावी लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला चौकटी त्याच, रंग तेच; कल्पना ‘सारखी’. आत मात्र नवे विश्लेषण आहे. आजच्या मराठीत ज्याला अनुवाद म्हणतात तो येथे न्यायशास्त्रातील अर्थानेही अनुवाद ठरतो, कारण त्याला स्वतंत्र प्रयोजन आहे. ज्या परीक्षकाला ती भाषा वाचता येत नाही त्याला हे प्रयोजन रूपावरून कळणार नाही. ते कोणीतरी त्याला सांगावे लागेल.

दुसऱ्या पोटभागातही असाच एक प्रश्न आहे. उदंड झालेल्या प्रकारांची यादी देताना तेथे विजेरीची व अपानवायूच्या आवाजांची ॲप येतात, तसेच कामसूत्राचेही नाव येते. मार्च २०२० मध्ये भविष्यकथन व जोडीदार शोधून देणारी ॲप या यादीत घालण्यात आली. एका प्राचीन शास्त्रग्रंथाचे नाव विजेरीच्या पंक्तीला बसावे याचे नवल करण्याचे कारण नाही. तेथे ग्रंथ अभिप्रेत नसून त्या नावावर विकला जाणारा माल अभिप्रेत आहे. परंतु नावावरून वर्ग ठरविला की ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती देणाऱ्यालाही आधी आपण त्या मालातले नव्हे हे पटवून द्यावे लागेल. पंचांगाचीही तीच गोष्ट. तिथी व नक्षत्र हे गणित आहे, राशिफल हे भविष्यकथन आहे; मराठी पंचांगात ही दोन्ही एका मलपृष्ठाआड नांदतात. भविष्यकथनाची रेषा पंचांगाच्या कोणत्या पानावर ओढावयाची, हे यादीवरून ठरत नाही. अनन्य व उच्च दर्जाचा अनुभव देणारे ॲप अपवाद मानले जाईल, असे कलम सांगते. तो अपवाद गुणाचा आहे, प्रयोजनाचा नव्हे.

७

असे असले तरी नियमच नको, हा निष्कर्ष यावरून निघत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये व्हिएतनामच्या डाँग न्युयेन यांनी ‘फ्लॅपी बर्ड’ हा आपला खेळ दुकानांतून मागे घेतला, तेव्हा त्याच्या नकलांचा जो लोंढा आला तो सर्वश्रुत आहे. त्याच महिन्यात आलेल्या ‘थ्रीज’ या अंकांच्या खेळावर त्याच्या कर्त्यांनी चौदा महिने खर्च केले होते. काही आठवड्यांतच त्याच्यासारखे खेळ फुकट मिळू लागले. सारखेपणाकडे डोळेझाक केली तर तिचा पहिला फटका लहान व प्रामाणिक निर्मात्यालाच बसतो. तेव्हा परीक्षा हवी. तिची भाषा सुधारावयास हवी.

ती कशी सुधारावी याचे दिग्दर्शन निग्रहस्थानांच्या त्याच यादीत सापडते. ती यादी केवळ बोलणाऱ्याचे दोष सांगून थांबत नाही, दोष दाखविणाऱ्याचेही सांगते. जेथे दोष आहे तेथे तो दाखवावयाचा राहणे हे ‘पर्यनुयोज्योपेक्षण’; जेथे दोष नाही तेथे तो लादणे हे ‘निरनुयोज्यानुयोग’. दोन्ही पराभवाचीच स्थाने आहेत. नक्कल दुकानात राहू देणे हा पहिला दोष आणि अनुवादाला पुनरुक्त म्हणणे हा दुसरा. ॲप स्टोअरच्या नियमावलीत निर्मात्याच्या चुकीला शिक्षा आहे. स्पॅमचे कलम वारंवार मोडणाऱ्याचे खातेही बंद होऊ शकते. परीक्षकाच्या चुकीला मात्र तीत नाव नाही. ज्या दोषाला नाव नाही तो दुरुस्त होणे कठीण.

यावरून किमान तीन अपेक्षा निष्पन्न होतात. नकाराच्या पत्रात आरोप बायनरीचा, नावाचा की कल्पनेचा, हे एकेकटे सांगितलेले असावे. ज्याच्याशी सारखेपणा आहे ते पूर्वीचे ॲप, निदान कल्पनेच्या आरोपात तरी, नाव घेऊन दाखवावे. आणि प्रयोजन हा सारखेपणाच्या अपवादाचा स्पष्ट निकष म्हणून कलमात यावा. विशेषतः भाषा बदलते तेथे. पहिल्या दोन अपेक्षांनी नकला करणाऱ्याचे काही फावणार नाही. तिसरीने परीक्षकाचे काम थोडे वाढेल.

तोवर बोलींचे कोश, शुद्धलेखनाची साधने किंवा पाठ्यग्रंथांच्या आवृत्त्या ॲपच्या रूपाने आणू पाहणाऱ्या संशोधकाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जेथे अहिराणी, मालवणी व वऱ्हाडी हे एकाच कोशाचे तीन विभाग आहेत, तेथे तीन ॲप करण्याचा आग्रह धरू नये. तेथे नियमाचे म्हणणे खरे आहे व एका ॲपमध्ये निवड देणे वाचकाच्याही सोयीचे आहे. जेथे प्रयोजन खरोखर वेगळे आहे, तेथे ते अर्जासोबतच्या टिपणात पहिल्याच वाक्यात लिहावे आणि नकार आल्यास कोणत्या ॲपशी तुलना झाली हे विचारावे. उत्तर येईलच असे नाही. परंतु पुनरुक्तीचा आरोप करणाऱ्याने पूर्वीचे वचन दाखवावे ही मागणी वादशास्त्राइतकीच जुनी आहे, आणि ती पुन्हा करणे हे पुनरुक्त नव्हे.